पॉइंटवर कुटुंबाचा विमानप्रवास: तुमचे अनुभव लिहा (जमलेले आणि फसलेलेही)

खिडकीची सीट (धागाकर्ती)

आम्ही चौघं. गेल्या सुट्टीत पहिल्यांदाच जातानाची चारही तिकिटं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर काढली. परतीची रोखीने, कारण पॉइंट तिथवर पुरलेच नाहीत. अडीच वर्षं लागली जमवायला. मोठे खर्च हौसेने त्याच कार्डावर टाकत होते आणि मग एका रात्री अटी वाचल्या, तर विम्याच्या हप्त्यांवर या कार्डाचे पॉइंट मुळी मिळतच नाहीत! तेव्हा कार्डावर काय वगळलंय ते आधी बघा.

आता ‘फुकट’ या शब्दाबद्दल. रोखीचं तिकीट १०० धरलं, तर पॉइंटच्या तिकिटावर कर आणि इंधन अधिभार मिळून आम्हाला ३८ भरावे लागले. वाचले ६२. त्या ६२ ला लागलेल्या पॉइंटांनी भागलं की एका पॉइंटची खरी किंमत हातात येते. तीच किंमत कार्डाच्या कॅटलॉगमधल्या मिक्सरला लावून बघितली तर निम्मीही भरेना. म्हणून मिक्सर राहिला, विमान झालं.

आणखी एक गैरसमज माझा होता, की मुलांना कमी पॉइंट लागत असतील. दोन वर्षांवरच्या मुलाला बहुतेक ठिकाणी मोठ्यांइतकेच लागतात. फ्लाइंग ब्लू (एअर फ्रान्स-केएलएमची मैलांची योजना) २ ते ११ वयाच्या मुलांना २५ टक्के सवलत देतं, पण तो अपवाद.

तुम्ही घरचे किती जण, कुठे अडलात, काय वाचलं ते लिहा. कुठलं कार्ड भारी यावरची मारामारी इथे नको.

जुळ्यांचा बाबा

आम्ही पाच. बायको, मी, जुळ्या मुली, माझी आई. एका सीटसाठी शोधलं की २०,००० मैल (म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट) दिसायचे. प्रवासी ५ टाकले की तेच विमान प्रत्येकी ३४,०००. मला वाटलं साइट लबाडी करतेय. लबाडी नव्हती. स्वस्त सीटा दोनच उरल्या होत्या, आणि एका बुकिंगमध्ये सगळ्यांना एकच दर लागत असल्यामुळे पाचही जण वरच्या दरात ढकलले जात होते. मग दोन आणि तीन असं बुकिंग तोडलं. २८,००० मैल वाचले आणि मी आठवडाभर फुशारक्या मारल्या.

जायच्या दिवशी विमान रद्द झालं. तिघांना दुपारचं मिळालं, दोघींना रात्रीचं. कंपनीच्या लेखी आम्ही एकमेकांचे कोणीच नव्हतो! आई आणि एक मुलगी माझ्याबरोबर पोचल्या, बायको दुसरीला घेऊन नऊ तास विमानतळावर. त्या २८,००० मैलांचा उल्लेख आजही आमच्याकडे जेवताना होतो.

तरी मी तोडणं सोडलेलं नाही. आता प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस ठेवतो आणि त्याच दिवशी फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांच्या नोंदीत लिहायला लावतो. त्याने हमी काही मिळत नाही, पण काउंटरवरच्या माणसाला निदान दिसतं की ही एकाच घरची माणसं आहेत.

एक भुक्तभोगी

पॉइंट वगैरे सगळं ठीक. मी एका वर्षी पॉइंटच्या नादात बिलाची फक्त किमान रक्कम भरत राहिलो. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के, पॉइंटांची कमाई खर्चाच्या दीड टक्का. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत संपली. तिकीट दोघांचं निघालं, व्याजात चौघांचं गेलं. ज्याला पूर्ण बिल भरता येत नाही त्याने हा धागा इथेच बंद करावा. रागाने नाही, कळकळीने सांगतोय.

रात्रपाळी

@जुळ्यांचा बाबा, आमचं बुकिंगच्या आधीच्याच पायरीवर फसलं. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत वळवायचे होते. तीन सीटा समोर दिसत होत्या. मी वळवायची विनंती टाकली आणि ती दुसऱ्या दिवशी नामंजूर. कारण काय, तर कार्डावर माझं मधलं नाव पूर्ण आहे आणि मैलांच्या खात्यावर नुसतं आद्याक्षर. नाव दुरुस्त होऊन मैल येईतो सीटा गेल्या. आणि एकदा वळवलेले मैल पुन्हा पॉइंट होत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकले. पुढच्या वर्षी लांबचा, गैरसोयीचा मार्ग घेऊन कसेबसे वापरले.

तेव्हापासून दोन सवयी: खातं आधीच उघडून नाव जुळवून ठेवायचं, आणि सीट डोळ्यांना दिसल्याशिवाय पॉइंट हलवायचे नाहीत. काही कंपन्या फोनवर सीट एक-दोन दिवस धरून ठेवतात. विचारायला लाजू नये.

तान्हुल्याची आई

मांडीवरचं बाळ! त्याला सीट नाही म्हणजे पैसे नाहीत असं मी धरून चालले. आंतरराष्ट्रीय प्रवासात बऱ्याच कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के घेतात, काही ठिकाणी मैलांच्या १० टक्के. हा फरक मोठा आहे. आम्ही हौसेने बिझनेस क्लासची तिकिटं पॉइंटवर काढली होती आणि बाळाला त्याच क्लासच्या रोख भाड्याचे १० टक्के लागले. तेवढ्यात आमच्यापैकी एकाचं साधं तिकीट आलं असतं.

शिवाय प्रवासात बाळ दोन वर्षांचं झालं तर परतीला त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते. आमच्या नणंदबाईंच्या मुलाचा वाढदिवस नेमका सहलीच्या मधोमध आला होता. केक कापला आणि तिकीट काढलं.

सरळसोट

मी कॅशबॅक घेतो आणि स्वस्त विमान दिसेल तेव्हा चौघांचं एकत्र बुक करतो. मैल नाहीत, तक्ते नाहीत, रात्रीची जागरणं नाहीत. वरचे अनुभव वाचून मत आणखी पक्कं झालं. धन्यवाद.

जुना प्रवासी

@सरळसोट, तुमचं पटतंय, पण लांबच्या पल्ल्याला हिशेब उलटतो. हा सगळा खेळ जगभर पसरला तो १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैलांची योजना काढल्यानंतर. पुढे विमान कंपन्यांच्या आघाड्या झाल्या: स्टार अलायन्स १९९७, वनवर्ल्ड १९९९, स्कायटीम २०००. या आघाड्यांचा फायदा असा की एका कंपनीचे मैल दुसरीच्या विमानात चालतात. एकाच विमानाची सीट तीन कंपन्यांच्या मैलांत बघा. मैलही वेगळे लागतात आणि अधिभारही. आमच्या म्हातारा-म्हातारीच्या तिकिटावर मी अशा तुलनेने अधिभार जवळजवळ शून्यावर आणला होता.

मात्र साठवून ठेवू नका. पूर्वी अमुक अंतराला अमुक मैल असा छापील तक्ता असायचा. डेल्टाने २०१५ मध्ये तो काढून टाकला, नंतर इतरांनीही. आता भाव रोखीसारखा हलतो. मैल म्हणजे मुदतठेव नव्हे, त्याला व्याज तर नाहीच, उलट मुद्दलच झिजतं.

दोन खाती

आमच्याकडे अडचण वेगळी. निम्मे मैल नवऱ्याच्या खात्यात, निम्मे माझ्या, आणि कोणाचेच पुरेनात. काही कंपन्या कुटुंबाचं सामाईक खातं देतात (ब्रिटिश एअरवेजमध्ये सात जणांपर्यंत), आमचीत ती सोय नव्हती. मग त्याच्या मैलांवर तो आणि मुलगा, माझ्या मैलांवर मी आणि मुलगी.

एक ठेच: मी तिकीट रद्द केलं, मैल परत आले आणि लगेच नाहीसे झाले, कारण मधल्या काळात त्यांची मुदत संपली होती. आणि कार्ड बंद करणार असाल तर आधी पॉइंट बाहेर काढा.

कॅलेंडरवाली

सीट उघडतात तेव्हा उघडतात, आपल्याला जागं राहावं लागतं. माझ्या कंपनीच्या तारखा ३५५ दिवस आधी उघडतात. इतरांच्याही साधारण ३३० ते ३६० दिवस. सुट्टीच्या सीटांवर सगळेच टपलेले असतात, म्हणून मी त्या रात्रीच बसते. पण सहल १२ दिवसांची, म्हणजे परतीची तारीख जाण्याच्या तारखेनंतर १२ दिवसांनी उघडते. तेवढे दिवस हातात फक्त जाण्याची तिकिटं. परतीची मिळाली नाहीत तर जाण्याची रद्द करायला किती शुल्क लागेल हे आधीच बघून ठेवलंय.

कालच चौघांची जाण्याची निघाली, एकाच पीएनआरवर. परतीला अजून ११ दिवस आहेत. मुलांना सांगितलेलं नाही.