थार डिझेलमध्ये फ्रिजसाठी दुसरी बॅटरी: काय घ्यावं, वायर किती जाड, इंदुरात सामान कुठे?

चोरलघाट

नमस्कार मंडळी. गाडी थार, २.२ डिझेल, हार्ड टॉप. मागची सीट दुमडून तिथे ४० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवायचा आहे. सोबत दोन एलईडी पट्ट्या आणि फोन-कॅमेऱ्याचं चार्जिंग. मांडू, गांधीसागर अशा ठिकाणी गाडी दोन रात्री एकाच जागी उभी राहील आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बिनबोभाट स्टार्ट व्हायला हवी.

इथल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं म्हणणं: १५० एएचची (अँपिअर-तास) इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी मागे ठेवा, मध्ये इग्निशनवर चालणारा ७० अँपिअरचा रिले टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. स्वस्तात होतंय, पण मनाला पटत नाही. एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) की लिथियम? आयसोलेटर (दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) की डीसी-डीसी चार्जर (गाडीचं व्होल्टेज मागच्या बॅटरीला हवं तसं बदलून भरणारा)? वायर किती जाडीची?

अँपिअर

ट्युब्युलर गाडीत अजिबात नको. ती घराच्या कोपऱ्यात न हलता उभी राहण्यासाठी बनवलेली असते. उंच, पन्नास किलोच्या आसपास, वर पाणी भरायची झाकणं. कच्च्या रस्त्यावर अ‍ॅसिड हिंदकळून बाहेर येतं आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बंद हार्ड टॉपमध्ये साठतो. केबिनमध्ये ठेवायची तर सीलबंद एजीएम किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी).

आधी खर्चाचा हिशेब मांडा, बॅटरी नंतर. तुमच्या मापाचा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट ओढतो. मे महिन्यात माळव्यातल्या दुपारी कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालू राहतो असं धरा: २४ तासांत ५४० वॉट-तास, म्हणजे ४३ एएच. डिसेंबरात निम्म्यावर येतं. तुमचा मुक्काम पहिल्या संध्याकाळपासून तिसऱ्या सकाळपर्यंत, म्हणजे दीड दिवस. फ्रिजचे ६५, दिवे दोन रात्रींचे ८, फोन-कॅमेरा १०. एकूण ८० ते ८५ एएच.

१०० एएच एजीएममधून तुम्ही ५० वापरायचे. त्याखाली रोज नेलीत तर बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे उन्हाळ्यात ती दुसऱ्या रात्रीच दम सोडेल. १०० एएच एलएफपी ८० ते ९० एएच निमूट देते आणि वजन बारा-तेरा किलो, एजीएमच्या निम्म्याहून कमी. तुमच्या वापराला एलएफपी घ्या आणि १०० वॉटचं सोलर पॅनल जोडा. उन्हाळ्यात दिवसाकाठी २५ एएच परत मिळतात, मग हिशेबात सैलपणा येतो. पॅनलला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) हवा आणि त्यात एलएफपीचं सेटिंग हवं.

निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर लावून थंड करा आणि आत थंडच सामान भरा. गरम बाटल्या भरून निघालात तर पहिले पाच-सहा तास कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

मालवा डिझेल

रिलेबद्दल. इग्निशनवर जोडलेला रिले सेल मारतानाही दोन्ही बॅटऱ्या जोडून ठेवतो. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. त्यातला मोठा वाटा मागच्या बॅटरीतून, त्या ७० अँपिअरच्या रिलेतून धावतो. दहा-वीस वेळा सोसेल, मग कॉन्टॅक्ट चिकटतात. चिकटल्याचं बाहेरून कळत नाही. किल्ली काढली तरी बॅटऱ्या जोडलेल्याच, फ्रिज रात्रभर दोन्हींतून पितो आणि सकाळी दोन्ही उतरलेल्या. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचं जातं.

व्होल्टेज पाहून जोडणारा आयसोलेटर, म्हणजे व्हीएसआर, त्यापेक्षा चांगला. साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला सोडतो. जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर वर्षानुवर्षं चालतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण एलएफपीसोबत गडबड होते. एलएफपी नुसती उभी असतानाही १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते. इंजिन बंद झालं तरी व्हीएसआरला १२.८ दिसतच नाही, तो सोडतच नाही. शिवाय रिकामी एलएफपी अल्टरनेटरकडून मागेल तितका करंट खेचते. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि वाइंडिंग तापतं.

अल्टरनेटर कसा आहे ते मल्टिमीटरने तपासता येतं. इंजिन गरम होऊन अर्धा तास गाडी चालली की बॅटरीवर व्होल्टेज पाहा. सतत १४ च्या पुढे असेल तर साधा. मध्येच १२.८ पर्यंत खाली येत असेल आणि उतारावर पाय काढला की एकदम चढत असेल, तर ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, त्याला चालवतोय. तिथे डीसी-डीसी चार्जरशिवाय मागची बॅटरी पूर्ण भरणार नाही.

तुमच्यासाठी २५ अँपिअरचा डीसी-डीसी, दोन्ही प्रकारच्या अल्टरनेटरला चालणारा, एलएफपी प्रोफाइल असलेला. इंदूर ते मांडू अडीच तास, त्यात ६० एएच आत जातात. घरून भरून निघालात तर पोचेपर्यंत ती काठोकाठ असेलच.

चोरलघाट

हिशेब पटला. मग एलएफपी आणि डीसी-डीसी नक्की. चार्जर बॉनेटखाली लावू की मागे? आणि वायरचं सांगा, दुकानदार ६ एमएम पुरे म्हणतो.

रेवातीर

६ एमएम पुरणार नाही, आणि माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. लोक बॅटरी महागातली घेतात आणि वायरीत काटकसर करतात.

२५ अँपिअर बाहेर देणारा चार्जर १४.४ व्होल्टवर ३६० वॉट देतो. त्याची स्वतःची तूट धरली तर पुढच्या बॅटरीकडून तो ३२ अँपिअरच्या आसपास ओढतो. पुढून मागे वळणावळणांनी साडेचार मीटर वायर लागेल, जाऊन-येऊन नऊ मीटर. तांब्याच्या वायरीत तूट अशी येते: ६ स्क्वेअर एमएमला ०.८४ व्होल्ट, १० ला ०.५, १६ ला ०.३२, २५ ला ०.२. पुढे १३ व्होल्ट असताना ६ च्या वायरीने मागे १२.१६ पोचतात. चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं, तो थांबतो. थांबला की तूट नाहीशी, व्होल्टेज वर, पुन्हा चालू. असा चालू-बंद चालू-बंद खेळ दिसला की चार्जर बदलू नका, आधी वायर मोजा. तुम्ही १६ घ्या. पुढेमागे ४० अँपिअरचा चार्जर लावायचा विचार असेल तर आत्ताच २५ टाका, गालिचा दोनदा उचलणं नको.

ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ पाहून माप ठरवत असाल तर सांभाळा. तिकडे ‘६ एमएम ऑटो केबल’ म्हणजे इन्सुलेशनसकट बाहेरचा व्यास, आत तांबं साडेचार स्क्वेअर एमएमच. आपल्याकडे वायर तांब्याच्या क्षेत्रफळावर विकली जाते. आकडा एकच, माल वेगळा.

वायर बारीक तारांची, वेल्डिंग केबलसारखी लवचीक हवी. घराच्या मेनलाइनची सात जाड तारांची वायर थरथरीने थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबायची, बोल्टचं भोक असलेली तांब्याची टोपी) तोंडाशी तुटते. आणि तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्वस्त जंपर केबलींमध्ये हे सर्रास असतं.

जोड: कलई केलेल्या तांब्याच्या थिंबल, हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी दाबलेल्या, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. थिंबल हातोडीने ठोकून घेऊ नका, पक्कडीने तर नाहीच. बाहेरून घट्ट दिसते, आत हवा राहते, तांबं काळं पडतं आणि सहा महिन्यांनी तोच जोड तापायला लागतो. डाग देऊनही भागत नाही. कथिल तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते.

वायर, थिंबल, ग्लँड, श्रिंक महाराणी रोड आणि सियागंजला मिळून जाईल. क्रिंपर विकत घ्यायची गरज नाही. सांवेर रोड किंवा पोलोग्राउंडला इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्यांकडे तो असतोच. वायरी मापून, कापून घेऊन जा आणि दाबून आणा. सहा-आठ थिंबलचं काम, कुणी नाही म्हणत नाही.

मालवा डिझेल

चार्जर मागे, बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत. तो बाहेर जे व्होल्टेज देतो ते बॅटरीपर्यंत जसंच्या तसं पोचायला हवं. बॉनेटखाली फक्त त्यासाठीच सीलबंद बनवलेले चार्जर चालतात. बाकीचे चाळीस अंशांच्या वर करंट कमी करत जातात. मागेही तो गालिच्याखाली कोंबू नका. उभा लावा, वर-खाली हवेला जागा ठेवा.

फ्यूज दोन. पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा मिडी किंवा एएनएल (बोल्टने कसायचे मोठे फ्यूज), आणि मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून तितक्याच अंतरात दुसरा. चार्जरच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे, त्यामुळे कुठल्याही बाजूची वायर इन्सुलेशन घासून चासिसला टेकली तर त्या बाजूच्या बॅटरीतून आग लागण्याइतका करंट येऊ शकतो. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, यंत्राला नाही. बटणवाले स्वस्त सर्किट ब्रेकर नकोत, बॉनेटखालच्या उष्णतेनेच ते अर्ध्या करंटवर पडतात.

फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. तिथून दाराच्या उंबरठ्याखालून, प्लॅस्टिकच्या पट्टीआड, नळीदार कंड्युटमध्ये. खालून चासिसच्या बाजूने न्यायचा मोह टाळा. सायलेन्सर आणि डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) धग तिकडेच, दगडही तिकडेच लागतो.

बॅटरी पट्ट्याने बांधून भागणार नाही. गाडी कलंडली तर बारा किलोचा ठोकळा डोक्यात येतो. लोखंडी कोनाचा ट्रे, एम८ चे चार बोल्ट, खालून जाड पत्र्याची प्लेट. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेल टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठे आहेत ते बघा आणि ड्रिलला लाकडाचा अडसर लावा. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिली आहे, पण तितक्या पाण्यात मागच्या दाराच्या फटीतून पाणी आत येऊ शकतं. ट्रे फरशीपासून थोडा उचललेला ठेवा, फ्यूज आणि चार्जर त्याहून वर.

अँपिअर

फ्रिजची वायर राहिली. सिगारेट लायटरचा सॉकेट वापरू नका. रस्त्याच्या हादऱ्यांनी पिन ढिली पडते, तापते, प्लॅस्टिक वितळतं. मागच्या बॅटरीवरून १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून ६ स्क्वेअर एमएमची वायर, टोकाला ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा जाड पिनांचा प्लग). बारीक वायरीवर कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज कमी व्होल्टेजचा एरर दाखवतो. फ्रिज बिघडला समजून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात.

एलएफपी घेताना एक विचारा: बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) किती अंशांना चार्जिंग थांबवतो. उन्हात तीन तास उभी राहिलेली बंद हार्ड टॉप आतून साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. तिथून निघालात की बॅटरी तासभर चार्ज घेणार नाही. एसी लावून आतलं तापमान उतरलं की आपोआप घेते, ते बिघाडाचं लक्षण नाही. उलट टोक म्हणजे शून्याखाली चार्जिंग. माळव्यात प्रश्न नाही, स्पिती-लडाखला आहे. तिकडे जाणार असाल तर आतला हीटर असलेली घ्या.

चाकात हवा भरायचा पंप आणि पुढेमागे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा मोटरचा दोर) लावलात तर तो पुढच्याच बॅटरीवर, इंजिन चालू ठेवून. आणि डीसी-डीसी उलटा चालत नाही, त्यामुळे पुढची बॅटरी मेली तर मागची तिला आपोआप मदत करणार नाही. छोटा जंप स्टार्टर डॅशबोर्डच्या खणात असू द्या. हो, तोही उन्हात तापतो, मे महिन्यात घरी काढून ठेवा.

चोरलघाट

मनापासून आभार. दोनच शंका. चार्जरची इग्निशनची वायर कुठून घ्यायची? आणि अर्थिंग थेट पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हला न्यायची की चासिसला?

रेवातीर

इग्निशन सिग्नल फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप लावून. मल्टिमीटरने असा फ्यूज शोधा जो किल्ली चालू असताना १२ व्होल्ट दाखवतो आणि बंद केल्यावर शून्यावर येतो. वायपरचा सहसा असा असतो. एअरबॅग, एबीएस, ईसीयूचे फ्यूज सोडून द्या. कंपनीची वायर कुठेही सोलून जोड देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. विमा कंपनीलाही कळवा. वाढीव इलेक्ट्रिकल सामानासाठी पॉलिसीत आयएमटी २४ चं कलम जोडून घेता येतं.

अर्थ चासिसला. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर चौकोनी सेन्सर आणि त्याला बारीक वायर दिसली, तर तुमची वायर त्या टर्मिनलवर कधीच नको. सेन्सरला वळसा घालून जाणारा करंट गाडीला दिसत नाही, ती बॅटरीची चुकीची स्थिती धरून चालते. मागे सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टवर अर्थ घेऊ नका. चासिसवर स्वतंत्र एम८ बोल्ट घ्या, रुपयाएवढा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर, थिंबल, नट, आणि घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. इथेही १६ चीच वायर.

काम सुरू करताना पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. झाल्यावर फ्रिज आणि चार्जर दोन्ही चालू ठेवून वीस मिनिटं इंजिन चालवा. मल्टिमीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी चार्जरच्या इनपुट पॉझिटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. मग पुढची निगेटिव्ह आणि चार्जरची निगेटिव्ह अशीच मोजा. जास्त आला तर प्रत्येक थिंबलला बोट लावत जा. जी कोमट लागेल ती पुन्हा दाबून आणा.