"क्लच जमत नाही म्हणून ऑटोमॅटिक घेतली" म्हणणाऱ्यांना उत्तर

जेलरोडकर
परवा कॉलेजरोडकरांनी लिहिलं, "स्पोर्टी गाडी घ्यायची आणि ती ऑटोमॅटिक, म्हणजे मिसळ मागवायची आणि तर्री नको म्हणायचं. दोन आठवडे क्लचची सवय करा, जमतं." वाचून डोकं फिरलं. दोन दिवस गप्प बसलो, आज लिहितोच.

साहेब, मी २२ वर्षं मॅन्युअल चालवली. सवय करायला मी नवशिका नाही. रोज जेलरोड ते सातपूर. संध्याकाळी परत येताना द्वारका चौकात कसा जाम होतो ते नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात एकदा सारडा सर्कलपासून द्वारका ओलांडेपर्यंत क्लच किती वेळा दाबला ते मोजत होतो. १४० ला मोजणं सोडलं. डावी पोटरी थरथरत होती, टाच मॅटवरून सरकत होती. घरी गाडी लावली तर उतरताना पाय जमिनीला टेकवेना, दाराला धरून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची कूर्चा झिजलीय.

मग ड्युअल क्लच घेतली, म्हणजे क्लचचं पॅडल नसलेली ऑटोमॅटिक. पळणारी गाडी आवडते म्हणून पळणारीच घेतली. ऑटोमॅटिकमध्ये दम नसतो हे कुणी सांगितलं? फोक्सवॅगनच्या व्हर्टसचं १.५ टर्बो इंजिन बघा. मॅन्युअल सहा गिअरचं, ड्युअल क्लच सात गिअरचं, ताकद दोन्हीकडे १५० पीएसच (पीएस म्हणजे अश्वशक्ती). वर फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी फॉर्म्युला वन गाडी आणली आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. ती चालवणाऱ्या मॅन्सेलचं डावं मनगट कुणी काढलं होतं का?

कॉलेजरोडकर
गुडघ्याचं वाईट वाटलं, ते मनापासून. पण तुमचा गुडघा हा तुमचा प्रश्न, गाडीचा नाही.

शर्यतीत घड्याळाला हरवायचं असतं. मला रविवारी पहाटे त्र्यंबकवरून जव्हारकडे जायचं असतं. वळणाआधी ब्रेक, क्लच, उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक टिचकी आणि दुसरा गिअर असा अलगद बसतो की शेजारच्याला कळत नाही. हे यायला मला तीन वर्षं लागली. तुमच्या गाडीत ते काम संगणक करतो. पोर्शने २०१३ मध्ये ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली होती. लोक इतके चिडले की २०१७ मध्ये मॅन्युअल परत द्यावी लागली. ते सगळे वेडे होते का?

लिंकरोड गॅरेज
दोघांनाही एक सांगतो. ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नाही, असं समजू नका. ड्युअल क्लचमध्ये दोन असतात, एक १-३-५-७ चा, दुसरा २-४-६ चा. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा. त्यात तर तुमचाच जुना क्लच असतो, फक्त तो मोटर दाबते, म्हणून गिअर बदलताना गाडी मान डोलावते. टॉर्क कन्व्हर्टर हा ऑटोमॅटिकचा आणखी एक प्रकार, त्यात क्लचऐवजी मधे ऑइल असतं, तो द्वारकेला सगळ्यात निवांत.

जेलरोडकर, तुम्ही ब्रेक जरासा सोडून फूट-फूट सरकत असाल तर तो हाफ क्लचच आहे, म्हणजे क्लच अर्धवट पकडून घासतोय. कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या क्लचचा ड्युअल असेल तर तापणार. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडा. मॅन्युअलच्या क्लच प्लेटचा खर्च आणि ड्युअल क्लचचा खर्च यांची तुलनाच करू नका.

जेलरोडकर
खरंय. एकदा वणीला गडावर जाताना जाममध्ये तापल्याचा दिवा लागला होता. वीस मिनिटं कडेला थांबलो. लपवत नाही.

कॉलेजरोडकर
लागला ना दिवा! आणि ॲव्हरेज? मी कसारा घाट अख्खा न्यूट्रलमध्ये उतरतो. पेट्रोल शून्य. ऑटोमॅटिकवाल्यांनी करून दाखवावं.

इगतपुरीची
काय म्हणालात? न्यूट्रलमध्ये कसारा?

मी इगतपुरीत वाढले. वडील एसटीत चालक होते. घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकची बातमी आमच्या घरी पेपरात यायच्या आत पोचायची. मला गाडी शिकवली तेव्हा त्यांनी पहिला नियम सांगितला: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. एकदा मी उतारावर नुसता क्लच दाबून ठेवला तर तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरवलं आणि म्हणाले, चाकाजवळ हात धर. ती धग आणि जळक्या लायनरचा तो वास अजून नाकात आहे. तुम्ही इथे क्लचचं कौतुक सांगता आणि घाटात इंजिनच सोडून देता? मग मॅन्युअल हवी कशाला?

कॉलेजरोडकर
पंधरा वर्षं उतरतोय ताई, काही झालं नाही. ब्रेक कशाला दिलेत?

इगतपुरीची
ज्यांचं झालं तेही आदल्या दिवसापर्यंत हेच म्हणत होते. तुमच्या पुढच्या गाडीत माझी मुलं असू शकतात.

लिंकरोड गॅरेज
पेट्रोल शून्य हे साफ चुकीचं आहे. कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे ती. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे तुम्ही वाचवत नाही, जास्त जाळताय. आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात पाणी धरलेलं असेल, तर तापून उकळतं. बुडबुडे झाले की पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

सिडकोवाला
कसारा कसारा काय लावलंय भो? २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झालाय. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, घाटच नाही. टोलचं बोला त्यापेक्षा. आणि ऑटोमॅटिक बायकांसाठीच असते, आमच्या घरात तरी तसंच आहे.

इगतपुरीची
टोल परवडत नाही ते घाटानेच जातात. आणि बायकांबद्दलच्या वाक्याचं उत्तर ऐका. माझी गाडी सहा गिअरची मॅन्युअल टर्बो आहे. सात वर्षं ऑटोमॅटिक चालवून ४१ व्या वर्षी घेतली. हिचा क्लच फार वर पकडतो. पहिल्या आठवड्यात मुंबई नाक्याला तीनदा बंद पडली, मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी तपोवनात मोकळ्या जागेवर नेली. सीट इतकी पुढे घेतली की क्लच तळाला गेला तरी गुडघा वाकलेला राहील. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. चाळीसेक वेळा केलं. पकडतो तिथे पॅडलला बारीक थरथर येते, ती तळव्याला कळायला लागली तेव्हा जमलं. शेवटी जाडा सोल असलेले बूटही बदलले.

मला क्लच आवडतो. तरी जेलरोडकरांना "सवय करा" म्हणायचा हक्क मला वाटत नाही. माझे गुडघे ठीक आहेत, त्यांचे नाहीत. आणि घाटात इंजिनब्रेक, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिननेच गाडी रोखणं, त्यांनाही मिळतो. स्टिअरिंगमागची पट्टी ओढून दुसऱ्या गिअरवर आणायची.

जेलरोडकर
तसंच उतरतो, ताई. तिसऱ्याच्या वर जाऊ देत नाही. पण वळणाच्या मधोमध गिअरबॉक्स स्वतःहून वरचा गिअर टाकणार नाही, ही खात्री मॅन्युअलमध्ये जास्त होती, हे मात्र कॉलेजरोडकरांना द्यावं लागेल.

कॉलेजरोडकर
द्यावं लागेल म्हणजे काय, तोच तर माझा मुद्दा होता! बरं. इंजेक्टरचं मला खरंच माहीत नव्हतं. न्यूट्रल बंद करतो. मिसळीचं वाक्यही मागे घेतो, गुडघ्याचं माहीत असतं तर लिहिलं नसतं. पण ज्याचे दोन्ही पाय धड आहेत आणि जो पळणारी गाडी ऑटोमॅटिकमध्ये घेतो, त्याच्याबद्दल मत तेच.

लिंकरोड गॅरेज
मत ठेवा. पण पंधरा वर्षं न्यूट्रलमध्ये उतरलात, तर आधी पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल दाखवून जा. ऑइल शेवटचं कधी बदललंय ते बिलावर बघून या. शनिवारी आमच्याकडे लाइट नसते, तेवढा वार सोडून कधीही.