'अंडररेटेड' बचावपटूला मराठीत काय म्हणावं?

मेलबर्नवासी: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी डेल मॉरिसवर लेख लिहितोय. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, वेस्टर्न बुलडॉग्ज, 253 सामने. तो बॅक, म्हणजे बचाव फळीतला, म्हणून मी लिहिलं 'संघाचा उपेक्षित पाठीराखा'. संपादकांनी विचारलं, "हा खेळाडू की प्रेक्षक?" दोन्ही शब्दांवर लाल रेघ. काय लिहू?

शब्दवेडी: संपादकांचं बरोबर आहे. पेपरात 'पाठीराखे' म्हणजे स्टेडियममध्ये झेंडे फडकवणारे. सरळ बचावपटू लिहा.

जुना भिडू: पाठ राखतो तो पाठीराखा! कृष्ण पांडवांचा पाठीराखा. तो रथावर होता, प्रेक्षकांत नव्हता. पेपरांनी शब्द पातळ केला म्हणून आपण सोडायचा?

तिखटमीठ: माझा आक्षेप 'उपेक्षित'ला. मॉरिस 2008 च्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, होता ना? मग उपेक्षा कसली? 'कमी लेखलेला' म्हणा. लेखणे म्हणजे हिशेबात धरणे, लेखाजोख्यातलं लेखा तेच.

शब्दवेडी: कमी लेखण्यात तुच्छता येते हो. सासू सुनेला कमी लेखते.

मेलबर्नवासी: तुच्छतेनं कुणीच बघितलं नाही त्याच्याकडे. 2016 ची फायनल बघा. शेवटची काही मिनिटं, सिडनीच्या फ्रँकलिनच्या हातात चेंडू. मॉरिसनं मागून धरला, चेंडू सुटला, टॉम बॉयडनं उचलून लांबून लाथ मारली आणि टप्पे खात गोल! बुलडॉग्जचं 1954 नंतर पहिलं विजेतेपद. लोकांना आठवतो बॉयड. मॉरिस त्या वेळी पाठीचे मणके फ्रॅक्चर असताना खेळत होता, हे नंतर कळलं.

जुना भिडू: अहो, ही तर आमची पकड! मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात असायचो. घोटा मी धरायचा, मग बाकीचे वर पडायचे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर नावं चढाई करणाऱ्यांची. आई विचारायची, "तुझं नाव नाही लागलं का रे?" मला कुणी कमी लेखलं नव्हतं, उपेक्षाही नव्हती. घोटा धरल्याचा गुणच वेगळा मांडत नव्हते.

मेलबर्नवासी: इथे मांडतात. झेल घेणाऱ्याच्या हातावरून चेंडू मुठीनं उडवणं म्हणजे 'स्पॉइल', ते 'वन पर्सेंटर'मध्ये, म्हणजे संघासाठी केलेल्या छोट्या छोट्या कामांत, मोजतात. त्याला काय म्हणायचं?

तिखटमीठ: मोडता घालणे. तयार शब्द आहे.

शब्दवेडी: मोडता लग्नात घालतात, बेतात घालतात. चेंडूला कसा घालणार?

तिखटमीठ: झेल हाही बेतच की.

जुना भिडू: 'बुक्कीनं उडवला' म्हणा, शेंबड्या पोरालाही कळेल.

शब्दवेडी: क्रियापद झालं ते. आकडेवारीच्या तक्त्यात नाम लागतं. 'उडवणी'?

जुना भिडू: उडवणी! धान्य उफणतोय का आपण?

मेलबर्नवासी: आणि समोरच्याच्या लाथेवर अंग झोकून चेंडू अडवतात, त्या 'स्मदर'ला?