मदत हवी आहे: टॉवेलचं पेमेंट थकलंय, केस टाकायच्या आधी मीडिएशनला (मध्यस्थीला) जावंच लागतं का? (सोलापूर)

अक्कलकोट_रोड:
नमस्कार मंडळी. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. थोडे माग स्वतःचे, बाकी काम जॉबवर बाहेरून करून घेतो. सगळं अप्पांच्या नावावर आहे, मी मुलगी, बिलं, जीएसटी, डिस्पॅच मी बघते. कर्नाटकातला एक होलसेल व्यापारी अप्पांचा लई जुना गिऱ्हाईक आहे आणि त्याच्याकडे आमचे ८ लाख ६० हजार अडकलेत. सुरुवातीला दिवाळी झाली की देतो, मग लग्नसराई झाली की देतो असं चाललं होतं, नंतर एकदम २ लाख ४० हजाराची डेबिट नोट (बिलातून एवढे कापतो असा कागद) पाठवली, म्हणे टॉवेलचा रंग जातोय आणि डझनाचं वजन कमी भरतंय. माल पोचून चार महिने झाल्यावर! त्याआधी व्हॉट्सॲपवर माल मिळाला, चांगला आहे, पुढची ऑर्डर लावा असं त्यानंच लिहिलेलं आहे. चेक कधी दिलाच नाही, सगळे व्यवहार आरटीजीएसनं, त्यामुळं चेक बाऊन्सची केसही करता येत नाही.

आता माझा गोंधळ असा झालाय की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक वकील म्हणाले केस डायरेक्ट घेतच नाहीत, आधी मीडिएशनला अर्ज करा. मामेभाऊ म्हणतो ते सोड, एमएसएमईच्या (छोट्या उद्योगांच्या) सरकारी पोर्टलवर टाक, फुकट आहे. काका म्हणतात लोकअदालत. आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की २०२३ च्या नवीन कायद्यानं आता कुठल्याही केसच्या आधी मीडिएशन कंपल्सरी केलंय. अप्पांचं तर वेगळंच, ते म्हणतात पैसे पाहिजेत पण माणूस तोडायचा नाही. यातलं नेमकं खरं काय आणि आम्ही कुठं जायचं? उद्यम नोंदणी आहे, मायक्रोमध्ये. सगळ्यात जुन्या बिलाला आता दोन वर्षं सात महिने होत आलेत.

काळा_कोट:
ताई, सगळं सोडा आणि तुमचं शेवटचं वाक्य आधी बघा. मुदत तीन वर्षांची असते, पाच महिने राहिलेत, त्यामुळं विचार करत बसू नका.

फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या विधेयकात सगळ्यांना आधी मीडिएशनची सक्ती होती, पण २०२३ ला कायदा झाला तेव्हा ती काढून ऐच्छिक केली. शिवाय त्या ऑक्टोबरात त्यातली थोडीच कलमं लागू केली होती. तुमच्या वकिलांनी सांगितलं ते मात्र खरंय, फक्त ते दुसऱ्या कायद्यातलं आहे. कमर्शियल कोर्ट कायद्याचं कलम १२-अ, २०१८ ला आलं. व्यापारी व्यवहार असेल, रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि कोर्टाकडून तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी मीडिएशन करावंच लागतं. सुप्रीम कोर्टानं पाटील ऑटोमेशनच्या निकालात ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की हे न करता दावा टाकला तर तो फेटाळला जाणार. बरेच जण तातडीच्या हुकमाचा खोटाच अर्ज जोडून पळवाट काढायचे, २०२३ ला तेही बंद केलं, कोर्ट आता तपासून बघतं.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करायचा, सोलापूरलाच. अर्जाची फी १००० रुपये. मीडिएटरची फी तुमच्या रकमेला, म्हणजे १० लाखाच्या आतल्याला, १५ हजार, ती दोघांनी निम्मी निम्मी भरायची. तीन महिन्यांत संपवायचं, दोघं कबूल असतील तर आणखी दोन. आणि हा सगळा काळ मुदतीतून वगळला जातो, म्हणजे अर्ज टाकला की तुमचं घड्याळ थांबलं.

नवीपेठकर:
कायदा बरोबर आहे पण खरं सांगतो ताई, नुसता टाइमपास हो. मी केलाय अर्ज. समोरच्याला नोटीस गेली, आला नाही. परत नोटीस, परत नाही. शेवटी नॉन-स्टार्टर रिपोर्ट (मीडिएशन सुरूच झालं नाही असा) हातात दिला आणि म्हणाले आता दावा टाका. ज्याला द्यायचंच नाही त्याला एसी खोलीत बसवून चहा पाजला तरी देत नाही बे. आणि दावा जिंकलो तरी वर अपील आहेच, आता एवढंच बरंय की ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

काळा_कोट:
नवीपेठकर साहेब, न येणाऱ्याला कुणी ओढून आणू शकत नाही हे मान्य. पण त्या रिपोर्टशिवाय तुमचा दावाच चालला नसता, आणि मुदतीतला एक दिवसही वाया गेला नाही.

हिशोबनीस:
मी सीए आहे, पार्कात बसतो. माझ्या मते तुम्ही एमएसएमईच्या रस्त्यानं जा. कारणं सांगतो. तुमच्यासारख्या उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. त्यानंतर एमएसएमई कायद्याच्या कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. ही तक्रार तुमच्या भागातल्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडं (याच कायद्याखालच्या सरकारी मंडळाकडं) जाते, गिऱ्हाईक भारतात कुठंही असू दे, त्यामुळं कर्नाटकात जायची गरज नाही. कौन्सिल आधी समेट घडवायला बघतं, नाही जमलं तर लवाद. लवादाचा निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्याला तो मोडायला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बघा किती फरक पडतो.

दुसरं म्हणजे डेबिट नोट. या कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात. चार महिन्यांनी आठवलेल्या रंगाला काय अर्थ आहे?

तिसरं, त्याच्या सीएला फक्त १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातल्या कलम ४३ बी (एच) ची आठवण करून द्या. २०२३-२४ पासून मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचं बिल वेळेत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये वजा मिळत नाही. अनेकदा कोर्टाच्या नोटीसीपेक्षा हे लवकर कळतं लोकांना, माझा अनुभव.

कापडलाईन:
मी खरेदी करणाऱ्यांपैकी आहे म्हणून दुसरी बाजू पण सांगतो, राग मानू नका. सोलापूरच्या टॉवेलमध्ये गडद रंग, विशेषतः मरून आणि नेव्ही, जातो कधी कधी, आणि त्याला कारखानदार जबाबदार नसतो, डाईंगला गडबड झालेली असते. समोरचा १०० टक्के खोटं बोलतोय असं धरून गेलात तर मीटिंग पाच मिनिटात संपेल. त्या लॉटचा डाईंगवाल्याचा चलन नंबर काढा, शिल्लक माल असेल तर दोन नग धुवून बघा, वजन काट्याची पावती असेल तर घ्या. मग २ लाख ४० हजारातलं किती खरं ते तुम्हालाच कळेल. आमच्याकडं पण डेबिट नोट बरेचदा पेमेंट लांबवायलाच काढतात हेही खरंय, नाही असं नाही.

अक्कलकोट_रोड:
सगळ्यांना खूप धन्यवाद, खरंच. कापडलाईन दादा, मरूनच होता तो लॉट 😅 शिल्लक आहे थोडा, आजच धुवायला टाकते. हिशोबनीस सर, बॅलन्स कन्फर्मेशन त्याच्या सहीशिक्क्याचं मागच्या वर्षीच्या मार्चचं आहे आमच्याकडं, ८ लाख ६० हजार पूर्ण मान्य केलेलं, डेबिट नोट त्यानंतरची. पण अप्पांना व्याज वगैरे नकोच आहे, ते म्हणतात तोंडासमोर बसून बोललो तर देईल तो. मग लोकअदालतीचं काय? आणि मीडिएशनला गेलो तर आत नेमकं होतं काय, मीडिएटर त्याच्या बाजूनं निकाल देऊन बसला तर?

हिशोबनीस:
अहो हे आधी सांगायचं! मुदत संपायच्या आत सहीनिशी बाकी मान्य केली असेल तर त्या सहीपासून तीन वर्षं नव्यानं मोजतात. जीव भांड्यात पडला असेल तुमचा. तरी रेंगाळू नका.

दुपारची_सुनावणी:
मी वकिली करते आणि ४० तासांचं ट्रेनिंग घेऊन मीडिएटर म्हणून पण बसते, सोलापुरात नाही, शेजारच्या जिल्ह्यात. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते. मीडिएटर निकाल देतच नाही. त्याला तो अधिकारच नाही. तो दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं घेऊन बोलतो, आणि खरं काम त्या वेगळ्या बसण्यात होतं. एकत्र असताना तुमचा गिऱ्हाईक फक्त रंगावर बोलेल. एकटा बसला की सांगेल की त्याचेच कुठंतरी पैसे अडकलेत, एकदम जमत नाही. तुम्ही मीडिएटरला जे वेगळं सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडं जात नाही, आणि तिथं बोललेलं कुठलंही वाक्य पुढं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळं अप्पा तिथं "चल पन्नास हजार सोडतो" म्हणाले आणि फिसकटलं तरी दाव्यात पूर्ण रक्कम मागता येते. लोकांना याचीच भीती असते म्हणून स्पष्ट लिहिलं.

लोकअदालतीबद्दल: तिथला तडजोडीचा निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच आणि त्यावर अपील नाही, चांगली गोष्ट आहे. दाव्याआधीची प्रकरणंही घेतात. पण त्या दिवशी एकेका पॅनलपुढं ढीगभर प्रकरणं असतात, बँकेची, विजेची, अपघाताची. आकडा आधीच ठरलेला असेल तर उत्तम, पण मरून टॉवेलच्या रंगावर तासभर बोलायला तिथं कुणाला वेळ नसतो. २०२५ ला जुलै ते सप्टेंबर सुप्रीम कोर्टाच्या मीडिएशन समितीनं आणि नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) ९० दिवसांची देशभर मोहीम घेतली होती, तुमच्या काकांच्या कानावर कदाचित तेही असेल, पण ती कोर्टात आधीच पडून असलेल्या केसेससाठी होती.

मी तुमच्या जागी असते तर १२-अ चा अर्ज केला असता. हिशोबनीस सरांचा मार्ग चुकीचा नाही, उलट कायद्यानं तुमचा हात तिथं जास्त वर आहे. पण तुमचे वडील जुनं नातं धरून आहेत आणि सोलापुरातच समोरासमोर बसायचं म्हणताय, तर हे जवळचं. तिप्पट व्याजाचा हिशोब याही अर्जात मांडा, मग बसल्यावर ते व्याज सोडायची ऑफर द्या. सोडायला हातात काहीतरी पाहिजे ना. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मात्र नका जाऊ.

नवीपेठकर:
मॅडम बोलतात ते पटतंय, पण सही केली आणि दोन हप्ते देऊन तिसऱ्याला गायब झाला तर? कागद घेऊन काय चाटायचं का?

दुपारची_सुनावणी:
नाही. १२-अ खाली झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा आहे, म्हणजे नवीन दावा न टाकता थेट वसुलीचा अर्ज, दरखास्त. पण हे तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा कागद नीट लिहिलेला असतो. "ठरल्याप्रमाणे हप्ते देईन" असलं मोघम लिहून घेऊ नका. कुठल्या तारखेला किती, कुठल्या खात्यात, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम आणि सोडलेलं व्याज त्याच दिवशी देय, डेबिट नोट रद्द की अमुक रकमेपुरती मान्य, आणि जीएसटीची क्रेडिट नोट कोण कधी काढणार. शेवटचं विसरतात आणि सहा महिन्यांनी त्यावरूनच परत भांडतात. पुढच्या तारखांचे चेकही घ्या, म्हणजे तुमच्याकडं आज नाही ते हत्यार तयार होतं.

अक्कलकोट_रोड:
ठरलं, १२-अ चा अर्ज करतोय, वकीलसाहेबांना उद्या भेटते. एकच शेवटचं, अप्पांना ऐकायला कमी येतं आणि चिडले की तेलुगूत सुरू होतात 🙈 त्यांना न्यावंच लागेल का की मी गेले तर चालतं? आणि टॉवेल धुतले. आठ नगांपैकी दोनाचा रंग गेला. वजन बरोबर आहे, सगळ्यांचं.

काळा_कोट:
अधिकारपत्र घेऊन तुम्ही जाऊ शकता, वकीलही जाऊ शकतो. त्यावर तडजोड करून सही करायचा अधिकार स्पष्ट लिहा, नाहीतर सगळं ठरतं आणि सहीसाठी पुढची तारीख पडते.

दुपारची_सुनावणी:
चालतं, पण अप्पांना न्याच. तो व्यापारी तुमच्यापेक्षा त्यांच्यासमोर लवकर नरमेल. तेलुगूत बोलू द्या, तुम्ही शेजारी बसून सांगा. आणि दोन नगांचा रंग गेला हे लपवू नका, मीडिएटरला पहिल्या वेगळ्या बैठकीतच सांगा, सोबत तुमच्या मते त्याची किंमत किती होते तो आकडाही.

कापडलाईन:
आठात दोन म्हणजे त्याचे २ लाख ४० हजार होत नाहीत. फक्त त्या लॉटचाच हिशोब करा, सगळ्या मालाचा नाही. आणि डाईंगवाल्याला आत्ताच लेखी कळवून ठेवा, जे सोडाल ते त्याच्याकडून घेता येतंय का बघा.

नवीपेठकर:
झालं की इथं टाका ताई काय ठरलं ते. माझं गुलबर्ग्याला अजून एक पेमेंट अडकलंय, तुमचं जमलं तर मी पण परत अर्ज करतो, नाहीतर आहेच.