राफाएलची युनिकॉर्नवाली पोरगी नक्की कोण?

पेन्सिल_तासणारी: रोमच्या बोर्गेझे गॅलरीतलं चित्र, १५०५-०६ च्या आसपासचं. १७६० च्या यादीत ही बाई चक्क संत कॅथरीन होती आणि चित्रकार म्हणून पेरुजिनो! कुणीतरी खांद्यावर शाल नि हातात कॅथरीनची खूण असलेलं चाक रंगवून तिची संतीण करून टाकलेली. कला-इतिहासकार रोबेर्तो लोंगी म्हणत होता की हा राफाएल आहे, १९३४-३६ मध्ये वरचा रंग काढला तर चाकाच्या जागी मांडीवर एवढुसं युनिकॉर्न निघालं. राफाएल मला मान्य, पण ही ज्यूलिया फार्नेसे (पोप अलेक्झांडर सहाव्याची प्रेयसी) म्हणून जे छातीठोक सांगतात ते मला अजिबात पटत नाही.

आगाऊ_बोका: का नाही पटत? युनिकॉर्न फार्नेसे घराण्याचं चिन्ह आहे, अजून काय आधारकार्ड पाहिजे?

पेन्सिल_तासणारी: अहो ज्यूलियाचा जन्म १४७४ चा, म्हणजे तेव्हा तिशी ओलांडलेली. ही सतरा-अठराची दिसते.

आगाऊ_बोका: पोर्ट्रेटमध्ये वय कमी करून घेणं काय आजचं आहे का, लग्नाच्या अल्बममध्ये बघा! बरं आई नको तर मुलगी लॉरा घ्या, १५०५ लाच तिचं लग्न पोप ज्यूलियसच्या भाच्याशी झालं.

तिसरा_घंटा: लॉरा १४९२ ची, म्हणजे तेरा वर्षांची. ते रुंद खांदे तेराचे वाटतात? आणि दोघंही एक विसरताय, १९५९ ला एक्सरे काढला तर युनिकॉर्नखाली कुत्र्याचं पिल्लू निघालं. आधी कुत्रा, म्हणजे नवराबायकोची निष्ठा, आणि मग त्याच्यावर युनिकॉर्न, म्हणजे कौमार्य. घराण्याचं चिन्हच दाखवायचं होतं तर पहिल्या फटक्यात कुत्रा कशाला काढला असता?

आगाऊ_बोका: गिऱ्हाइकानं मत बदललं असेल. आमच्याकडे साधं किचनचं काम काढलं तरी टाइल्स तीनदा बदलतात.

तिसरा_घंटा: मग आधीचं गिऱ्हाईक फार्नेसे होतं हे कशावरून? तुम्ही उत्तर धरून मागे चाललाय.

पेन्सिल_तासणारी: मला तर हातांचीच शंका येते. चेहरा बघा, गळ्यातल्या लॉकेटचा तो लोंबता मोती बघा, केवढं बारीक काम. आणि हात मात्र असे की प्राणी धरलाय की बशी तेच कळत नाही. एवढं खरवडून, वरून रंगवून, परत खरवडून झाल्यावर राफाएलचं किती उरलंय यावर आधी बोलू, नाव नंतर बघू.

आगाऊ_बोका: म्हणजे आता चित्रकारावर पण शंका? वर तर "मान्य" लिहिलंय ना!

पेन्सिल_तासणारी: चेहऱ्यापुरतं मान्य 😅