मदत हवी आहे: दोन दिवस यूट्यूबवर राहिलेली शॉर्टफिल्म फेस्टिवलला चालेल का?

वेंगुर्ल्याच्या रापणीवरची (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून करायची मासेमारी) माझी 18 मिनिटांची मालवणी शॉर्टफिल्म आहे, इंग्रजी सबटायटल्ससकट. रापणकऱ्यांना लिंक पाठवायची म्हणून यूट्यूबवर टाकली, पण 'अनलिस्टेड' (फक्त लिंकवाल्यांना दिसेल अशी) करायची ती 'पब्लिक'च राहिली. दोन दिवसांनी मुंबईहून मावशीचा "बरी झालीय रे" म्हणून फोन आला, तेव्हा कळलं! लगेच 'प्रायव्हेट' केली. तोवर 140 व्ह्यूज. आता फिल्मफ्रीवेवर (फेस्टिवलना फिल्म पाठवायची वेबसाइट) पासवर्डवाली लिंक दिलीय. दोन फेस्टिवलना मेल केले, उत्तर नाही. नियमांत 'आधी ऑनलाइन प्रदर्शित नसावी' एवढंच. फी परत मिळत नाही, म्हणून आधी विचारतोय.

देवळासमोर पडदा बांधून गावात दाखवली, तर तोही प्रीमियर धरतात का? आणि ते दोन दिवस फॉर्मवर लिहायचे कसे?