हातात ओझं असताना सॅल्यूट: सामान खाली ठेवायचं की नुसतं 'जय हिंद'?

खडूस_मामा: भाचा एनसीसीच्या कॅम्पला गेलाय. तो आणि अजून एक पोरगा लंगरमधून (कॅम्पच्या स्वयंपाकघरातून) डाळीचं भलंमोठं पातेलं दोन्ही बाजूंनी धरून नेत होते, डाळ उकळती, समोरून ऑफिसर आले. पोरं जागीच थांबली, मान त्यांच्याकडे वळवून 'जय हिंद सर' म्हणाली. ऑफिसर हसून पुढे गेले पण मागून उस्ताद (कवायत शिकवणारे) आले आणि पातेलं खाली ठेवून सॅल्यूट का नाही ठोकला म्हणून दोघांना फ्रंट रोलची (कोलांट्या मारायची) शिक्षा. माझ्या मते हा निव्वळ माज आहे. तुम्हाला काय वाटतं?

परेड_ग्राउंड: उस्ताद बरोबर. कॅम्प म्हणजे मामाचं घर नाही. आज पातेलं होतं म्हणून सूट, उद्या मोबाइल होता म्हणून, परवा चहाचा कप. सवय लावायची ती पहिल्या दिवसापासूनच लावायची, नाहीतर पोरं सी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतात आणि सावधान नीट उभं राहता येत नाही.

रिटायर्ड_साब: मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो म्हणून बोलतो. एका हातात सामान असेल तर ते डाव्या हातात घ्यायचं, उजवा मोकळा ठेवायचा, त्यात सबब चालत नाही. पण दोन्ही हात अडकलेत तर ताठ व्हायचं, मान आणि नजर ऑफिसरकडे, तोंडाने जय हिंद. एवढं झालं की सन्मान दिला. पोरांनी नेमकं तेच केलं की! रायफल खांद्यावर असते तेव्हा जवान कुठे हात कपाळाला लावतो, दुसरा हात आडवा आणून रायफलवरच सलामी देतो. परेडला ऑफिसरच्या हातात तलवार असते तेव्हा तो तलवारीनेच सॅल्यूट करतो. हातात काय आहे ते बघूनच सलामी ठरलीय, आजची नाही, फार जुनी पद्धत आहे. आणि डोक्यावर टोपी नसेल तर आपल्याकडे हाताने सॅल्यूट करतच नाहीत. लंगरच्या कामात बेरे तरी घातली होती का पोरांनी?

खडूस_मामा: नव्हती म्हणे! घामाघूम झालेली, बेरे तंबूत.

परेड_ग्राउंड: मग तो मुद्दा वेगळा, मान्य. पण सामान हातात घेऊन सॅल्यूट म्हटलं की मला ओबामाच आठवतो. सप्टेंबर 2014, न्यूयॉर्कला हेलिकॉप्टरमधून उतरला, पायऱ्यांशी मरीन जवान कडक सॅल्यूट ठोकून उभे, आणि साहेबांनी ज्या हातात कप होता तोच हात कपासकट कपाळाकडे नेला. व्हिडिओ व्हाइट हाउसनेच इन्स्टाग्रामवर टाकला होता. कप डाव्या हातात घ्यायला किती वेळ लागतो हो?

नाक्यावरचा: अहो पण तो सिव्हिलियन, गणवेश नाही काही नाही, त्याने सॅल्यूट करायची गरजच नव्हती. राष्ट्राध्यक्षाने उलट सॅल्यूट करायची ही टूम रेगनने काढली, 1981 पासून. त्याआधी आयझेनहॉवर, जो स्वतः पंचतारांकित जनरल होता, तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर असं करत नसे. बुशचाही कुत्रा काखेत घेऊन सॅल्यूट करतानाचा फोटो आहे, तेव्हा कोणी एवढी बोंब मारली नव्हती.

परेड_ग्राउंड: गरज नव्हती तर करू नये. करायचाच तर नीट करावा. कपासकट हा अर्धवटपणा झाला, त्यापेक्षा नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

पणजीकर: आणि तोच ओबामा चार महिन्यांनी 26 जानेवारी 2015 ला दिल्लीत पाहुणा, हात मोकळे, तरी सॅल्यूट न करता ताठ उभा. शेजारी तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारीही तसेच उभे. आमच्या पर्रीकरांनी आणि मोदींनी हात वर केला, झालं, अन्सारींवर सोशल मीडियावर शिव्यांचा पाऊस. खरं तर सलामी घेणार राष्ट्रपती, बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं, ध्वजसंहितेत गणवेशातल्यांसाठी सॅल्यूट लिहिलाय. नियमात वागला त्यालाच लोकांनी झोडपलं. मामा, तुमच्या भाच्याची गत तीच.

परेड_ग्राउंड: कुठे उपराष्ट्रपती कुठे डाळीचं पातेलं 😄 पण मला एक सांगा, कॅडेटने स्वतःच ठरवायचं का की आता माझे हात भरलेत म्हणून? उस्तादांनी सांगितलं तर पातेलं ठेवावं. वाद नंतर.

रिटायर्ड_साब: उस्तादांनी आधी सांगितलं कुठे, त्यांनी नंतर झापलं. आणि पातेलं ठेवणार कुठे, मातीत? दोघांनी एकदम हात सोडायला हवा, एकाचा आधी सुटला तर डाळ पायावर. सॅल्यूट राहिला तर चालतो, भाजलेला पाय घेऊन परेड होत नाही. बरं, मामा, ज्यांना सॅल्यूट द्यायचा होता ते ऑफिसर काही बोलले का?

खडूस_मामा: नाही ना! त्यांनी उलट विचारलं, आज जेवणात काय आहे.

परेड_ग्राउंड: ऑफिसर दिलदार असतातच, वाईटपणा उस्तादांनीच घ्यायचा असतो. मी अजूनही उस्तादांच्याच बाजूने. फक्त फ्रंट रोल जरा जास्त झालं, ग्राउंडला एक चक्कर पुरली असती.